दुजियांगयान आणि ली बिंगचं देऊळ : तुमचे अनुभव लिहा

चीनमधल्या चेंगदू शहराहून आगगाडीने अर्ध्या तासावर दुजियांगयान आहे, नदीचं पाणी शेतांकडे वळवणारी जुनी पाटव्यवस्था. तिथलं अरवांग मंदिर ली बिंग या सुभेदाराचं आणि त्याच्या मुलाचं. इ.स.पू. २५६ च्या सुमारास ली बिंगने मिन नदी न अडवता तिच्या दोन धारा केल्या. त्यातल्या एका धारेच्या पाण्यावर आजही शेती होते. मी दोनदा गेले, तरी मन भरलं नाही. तुम्ही काय पाहिलंत?

प्रतिसाद १
माझं गाव धुळ्याकडे, पांझरेकाठी. आजोबा फडाचे पाटकरी, म्हणजे गावाच्या सामायिक पाटाचं पाणी शेतांना वाटून देणारे. देवळाच्या भिंतीवर सहा अक्षरं कोरलेली आहेत. सोबतच्या चिनी मित्राने अर्थ सांगितला : ‘तळ खोल उपसा, बांध ठेंगणा ठेवा.’ मी तिथेच खिळलो. बांध ठेंगणा असला की पुराचं जादा पाणी गोटे-रेती घेऊन त्यावरून मूळ नदीत परत जातं. आणि खोल म्हणजे किती? त्यासाठी तळाशी लोखंडी कांबी पुरल्यात. कांब दिसेपर्यंत गाळ काढायचा! पाट झाडायची वेळ आली की आजोबा दारोदार माणसं गोळा करायचे. त्यांना ही कांब दाखवायला हवी होती.

प्रतिसाद २
सुरुंगाची दारू नव्हती त्या काळात. डोंगराचा खडक जाळ करून तापवायचा, वर पाणी ओतून तडकवायचा. शेतांकडची धार जिच्यातून जाते ती, अशी फोडलेली खिंड मी काठावरून पाहिली. पाण्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

प्रतिसाद ३
आम्ही २००९ मध्ये गेलो. आदल्या वर्षीच्या १२ मेच्या भूकंपात देवळाची फार पडझड झाली होती, परांच्या बांधलेल्या होत्या. वर जाता आलं नाही. आईने खालूनच हात जोडले.

प्रतिसाद ४
छिंगमिंग या चिनी सणाला, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला जा. लाकडी तिकाटण्यांचा तात्पुरता बांध दोर ओढून पाडतात आणि पाणी सुटतं. माणसं काठाने त्याच्यासोबत धावतात. माझे डोळे भरून आले.

प्रतिसाद ५
खिंडीजवळच्या फुलोंग मंदिरातली ली बिंगची दगडी मूर्ती चुकवू नका. १९७४ मध्ये नदीच्या पात्रात सापडली, अंगावर इ.स. १६८ चा लेख. जुन्या नोंदींत अशा दगडी माणसांवरून पाणी मोजल्याचं येतं : ओसरलं तरी पायाखाली जाऊ नये, चढलं तरी खांदे बुडू नयेत.

प्रतिसाद १ कडून पुन्हा
ही मूर्ती माझ्याकडून राहिली. एप्रिलमध्ये परत जातोय, या वेळी वडिलांना घेऊन.