मदत हवी आहे: सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं, आणि जमिनीचा इसार झालाय

मेंदीचं_कुंपण:
वडील 2021 मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन भाऊ आणि मी. वारस नोंदीच्या वेळी भावांनी माझ्याकडून शंभराच्या स्टॅम्पवर हिस्सा नको असं लिहून घेतलं, नोटरीही केली. आता सातबाऱ्यावर दोघांचीच नावं आहेत आणि थोरल्याने इसार घेतलाय. माझा हक्क गेला का? शिवाय वडिलांनी मार्च 2019 मध्ये लिहून दिलेली वचनचिठ्ठी दाखवून एक गृहस्थ माझ्याकडे पैसे मागतायत. आधी काय करू?

जुना_फेरफार:
ताई, नुसत्या त्या कागदाने हक्क जात नाही. जमिनीतला हिस्सा सोडायला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. फेरफार तर महसुलाची नोंद. मालकी ठरवतं दिवाणी कोर्ट.

भाऊ एक बचाव नक्की घेतील: वाटप तोंडी आधीच झालं होतं, हा कागद त्याची फक्त आठवण. तशा यादीला नोंदणी लागत नाही, त्यामुळे कागदात 'सोडत आहे' लिहिलंय की 'पूर्वीच सोडला आहे', ते वकिलाला पहिल्यांदा दाखवा.

हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरतो. जमीन वडिलोपार्जित असेल तर वडील, आई, तीन मुलं असे पाच भाग, आणि वडिलांचा भाग पुन्हा तुम्हा चौघांत. स्वकष्टार्जित असेल तर थेट चौघांत. दोन्हीकडून तुमचे चार आणेच.

खरी घाई विक्री थांबवायची. दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदवणारे अधिकारी, नुसत्या हरकतीच्या अर्जावर खरेदीखत अडवत नाहीत, मनाई हुकूम लागतो. म्हणून वाटपाचा दावा आणि त्याच दिवशी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39, नियम 1 व 2 खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज. आईला पक्षकार करायला विसरू नका. इसार देणारा माहीत असेल तर तोही घ्या. सामाईक मिळकत सगळी घाला. राहतं घर वगळलंत की दावा अपुरा असल्याची हरकत आलीच. मिळकतीच्या वादात महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे.

बांधकरी:
एक भर. दावा दाखल केला म्हणजे मधल्या काळात जमीन विकत घेणारा निकालाने आपोआप बांधला जातो, असं महाराष्ट्रात नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 ला इथे दुरुस्ती आहे. कोर्टाचं नाव, दाव्याचं स्वरूप, दाखल तारीख आणि मिळकतीचं वर्णन घालून लिस पेंडन्सची, म्हणजे दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. बरेच जण हेच विसरतात.

फेरफाराविरुद्ध अपील उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, मुदत 60 दिवस. ती उलटली असणार, म्हणजे विलंब माफीचा अर्ज जोडायचा. त्यासाठी फेरफार, वर्दीचा (नोंद करण्यासाठी तलाठ्याकडे दिलेला) अर्ज, जबाब आणि नोटीस बजावल्याची पोच यांच्या प्रमाणित नकला काढा. नोटिशीवर तुमची सही नसेल तर तोच तुमचा मुद्दा. पण अपिलासाठी दावा लांबवू नका.

व्याजबट्टा:
वचनचिठ्ठीचं सांगतो. वडिलांचं देणं वारसावर येतं ते त्यांच्याकडून मिळालेल्या मिळकतीपुरतंच, तुमच्या पगाराला त्याची झळ नाही. मागणीवर देय चिठ्ठी असेल तर मुदत तिच्या तारखेपासून 3 वर्षं. कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला, म्हणून ती 2022 ला नव्हे, 2024 च्या मार्चच्या आसपास संपली. वडिलांनी मुदतीत लेखी कबुली दिली असेल किंवा सही करून काही रक्कम फेडली असेल, तर हिशेब त्या तारखेपासून नव्याने.

तेव्हा मूळ चिठ्ठी पाहायला मागा, मागची बाजूसुद्धा. फेडीच्या नोंदी बहुधा तिथेच असतात. आणि 'थोडं थांबा, देते' असं व्हॉट्सॲपवरही लिहू नका. मुदत संपलेलं देणंसुद्धा सही केलेल्या लेखी वचनाने पुन्हा उभं राहतं. ते गृहस्थ परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करत असतील तर तक्रार सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे होते. एखाद्या वेळचे हातउसने मात्र सावकारी ठरत नाहीत.

मेंदीचं_कुंपण:
कागदात 'सोडत आहे' असंच आहे. थोरला आता म्हणतोय, रक्कम घे आणि हक्कसोडपत्र कर.

जुना_फेरफार:
मग बाजू बरी आहे. रक्कम पटत असेल तर जरूर करा, पण पैसे खात्यात जमा झाल्यावरच सही, आणि व्यवहाराचा क्रमांक व तारीख दस्तातच लिहून घ्या. 'विनामोबदला' हा शब्द मसुद्यात राहिलाय का, ते तेवढं तपासा. तयार नमुन्यात तो हमखास असतो.