वर्दी उतरल्यावर मुंबईत नोकरी: कागद, कोर्स आणि कुठे अडतं

सैन्यदलांत पंधरा-वीस वर्षं सेवा करून बाहेर पडणारे तेच ते प्रश्न विचारत असतात. आठवणी आणि किस्से दुसरीकडे. या धाग्यात प्रत्येकाने आपल्या टोपणनावाखाली फक्त कामाचं लिहा: काय करायचं, कधी, आणि कुठे घोळ होतो.

रोलकॉल
डिस्चार्ज बुक हातात पडायच्या आधी स्वतःचं नाव, बायकोचं नाव आणि दोघांच्या जन्मतारखा आधारशी अक्षरन् अक्षर जुळवा. रेकॉर्डला 'सुनीताबाई' आणि आधारला 'सुनीता', एवढ्यावरून ईसीएचएसचं (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड नाहीतर पुढे कौटुंबिक पेन्शन अडू शकते. सेवेत असताना युनिटचा क्लार्क पार्ट टू ऑर्डर (सेवानोंदीतला बदल नोंदवणारा आदेश) काढतो. बाहेर आल्यावर त्याच दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र जोडून रेकॉर्ड ऑफिसला पत्रं धाडत बसावं लागतं.
घरी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करा. मुंबईत शहर आणि उपनगर वेगळे: दादरचा पत्ता शहरात, मुलुंड-बोरिवली उपनगरात.

फाईलवाला
केंद्राच्या गट क मध्ये माजी सैनिकांना १० टक्के जागा, बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत १४.५. राज्यात १५ टक्के, समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच मोजलं जाणारं).
केंद्राच्या भरतीत वयाचा हिशोब असा: आजच्या वयातून सेवेची वर्षं वजा, वर आणखी ३ वजा. वय ३९, सेवा १७, म्हणजे १९ धरायचं. दहावी पास आणि १५ वर्षं सेवा असेल, तर पदवी मागणाऱ्या गट क च्या बिगर-तांत्रिक पदांनाही अर्ज चालतो. सेवा संपायला वर्ष उरलं की अर्ज भरायला सुरुवात करता येते, त्यामुळे एनओसी वेळेत मागा.
बरेच जण चुकतात ते पुढे. माजी सैनिक कोट्यातून केंद्राच्या एका नागरी पदावर रुजू झालात की कोट्याचा फायदा संपतो. त्याआधी भरलेल्या अर्जांना तो मिळतो, पण रुजू होताना त्या सगळ्या अर्जांची तारखेनिशी यादी कार्यालयाला लेखी दिलेली हवी. पोचपावती घ्या.

नांगर
नेव्हीतून मर्चंट नेव्हीत जाणाऱ्यांसाठी: इंडोस नंबर (खलाशाचा ओळख क्रमांक), सीडीसी (खलाशाचं सेवापुस्तक) आणि एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशी प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे, बेसिक कोर्स (पाण्यात जीव वाचवणं, आग, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा, सिक्युरिटी ड्युटी). हे सगळं बघणाऱ्या डीजी शिपिंगचं (केंद्राचं जहाजवाहतूक महासंचालनालय) कार्यालय कांजूरमार्गला आहे. कॉम्पिटन्सी सर्टिफिकेटची (जहाजावर अधिकारी म्हणून काम करायचा दाखला) परीक्षा वेगळी. तिच्यासाठी जहाजवार सेवेचा दाखला बाहेर पडायच्या आधीच काढा: जहाज, तारखा, इंजिनवाल्यांनी मशिनरीची किलोवॅट ताकदसुद्धा. नुसतं 'समुद्रावर अमुक वर्षं' लिहिलेलं कागद रंगवण्यापलीकडे कामाचं नाही.
नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा एजंट दिसला की उठून या. परवानाधारक एजन्सीला खलाशाकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत.

मजला बावीस
सिक्युरिटीत जाणाऱ्यांना सांगतो, गेटवर उभं राहण्यापेक्षा टॉवरच्या फॅसिलिटीकडे, म्हणजे इमारतीच्या देखभालीच्या कामाकडे, बघा. गार्डचं प्रशिक्षण माजी सैनिकांना तसंही कमी आहे: वर्गात किमान ४० तास, मैदानात १६, सात दिवसांत. इतरांना १०० आणि ६०.
इमारतीत पहिल्या दिवशी पंपरूम गाठा. आगीसाठीच्या मेन पंपाचा सिलेक्टर स्विच 'ऑटो'वर आहे का? कधीतरी गळती झाली म्हणून कोणीतरी 'मॅन्युअल' करतो आणि तसाच विसरतो. मग आग लागल्यावर पाण्याचा दाब पडतो, पण मेन पंप आपणहून उठत नाही. लाईनचा दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप सारखा चालू-बंद होत असेल तर लाईन गळतेय किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धरत नाहीये. २००६ च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडूनच. तारखा सोसायटीच्या कमिटीला लेखी कळवा. सेक्रेटरी तोंडी 'करून टाका' म्हणाला तरी ईमेलवर मंजुरी आल्याशिवाय खर्च करू नका.

जमाखर्च
फाईलवाल्यांच्या यादीत एक भर. अधिकारी हुद्द्याखालचा माणूस ५५ च्या आत निवृत्त झाला असेल, तर केंद्राच्या नोकरीत पगार ठरवताना पेन्शन पूर्ण बाजूला ठेवतात. पगारनिश्चितीचा पर्याय तीन महिन्यांत द्यायचा असतो.
आता टॅक्स. स्पर्श (संरक्षण पेन्शनची ऑनलाइन यंत्रणा) पेन्शनवर प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) धरतं, नवी कंपनी पगारावर पुन्हा धरते. नव्या करपद्धतीत ती ७५,००० आहे आणि वर्षाला एकदाच मिळते. दोघंही आपापल्यापुरता टीडीएस कापतात, शिवाय स्लॅब दोन्हीकडे खालून सुरू. रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम निघते, वर व्याज. रुजू होतानाच पेन्शनचा आकडा एचआरला लेखी द्या, म्हणजे ते दरमहा जास्त कापतील. अपंगत्व पेन्शनवाल्यांनी आपली पेन्शन करमुक्त बसते का, हे रिटर्न भरायच्या आधी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) सीएला दाखवून विचारून घ्या.