बोअरचं पाणी आणि युरियावर शेवाळ वाढवून बायोगॅस: पर्यावरणाचा हिशेब जुळतो का?

माळरान_१३:
नमस्कार मंडळी. सोलापूर भागात पडीक माळावर १ हेक्टरचं उघडं रेसवे तळं (ज्यात पाणी गोल फिरत ठेवतात असं लांबट, उथळ तळं) करायचा विचार आहे, खोली २५ सेंमी. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरला १२०० मिलिग्रॅम. खताला युरिया आणि सुपर फॉस्फेट, कार्बन डायऑक्साइडसाठी शेजारच्या साखर कारखान्याच्या बॉयलरचा धूर. क्लोरेला हे सूक्ष्म हिरवं शेवाळ वाढवायचं, सेंट्रिफ्यूजने (गरागरा फिरवून पाणी वेगळं काढणाऱ्या यंत्राने) गोळा करायचं आणि डायजेस्टरमध्ये, म्हणजे बायोगॅसच्या बंद टाकीत टाकायचं. रोज चौरस मीटरला १५ ग्रॅम, म्हणजे १५० किलो सुकं शेवाळ धरलंय. पिकाची जमीन अडत नाही, धूर वाया जात नाही, तेव्हा इंधन स्वच्छच, असं मी धरून चाललोय. कुठे चुकतंय?

ओढ्याकाठी:
जमिनीचं बरोबर आहे. पाण्याचं नाही.

तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्यातून रोज १० मिमीच्या आसपास बाष्पीभवन धरा. १ हेक्टरवर ते रोज १ लाख लिटर होतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, १ लाख लिटरमागे १२० किलो. तळ्यात एकूण २५ लाख लिटर पाणी, म्हणजे टीडीएस रोज ४८ ने चढणार आणि महिन्याभरात २६०० च्या पुढे जाणार. मग थोडं पाणी काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसतं. ते ओढ्यात सोडलंत तर खालच्या विहिरी खारट होतील, वर नायट्रेटही त्यांच्यात उतरेल. अस्तर घातलेला वेगळा बाष्पीभवन हौद आराखड्यात आजच धरा.

आणखी एक. शेवाळ जोरात वाढलं की दुपारी पीएच चढतो. जड पाण्यातलं कॅल्शियम तेव्हा फॉस्फेटला धरून तळाशी बसतं. पाण्यात फॉस्फरस कमी दिसतो म्हणून लोक आणखी सुपर फॉस्फेट टाकतात आणि तोही गाळात जातो.

किलोवॅट_तास:
माझ्या मते मोठा खड्डा खत आणि सेंट्रिफ्यूज यांत आहे.

१ किलो सुक्या शेवाळात साधारण ७० ग्रॅम नायट्रोजन असतो, म्हणजे दीडशे ग्रॅम युरिया. दिवसाला २३ किलो, आणि युरिया तयार होतो नैसर्गिक वायूपासून. पीएच ९.३ च्या आसपास गेला की पाण्यातला निम्मा अमोनिया वायुरूपात असतो आणि पॅडलव्हील (तळ्यातलं पाणी ढकलणारं चाक) तो हवेत उडवतं. रात्री कोपऱ्यांतल्या साचलेल्या गाळात ऑक्सिजन संपतो, तिथे नायट्रेटपासून नायट्रस ऑक्साइड सुटू शकतो. तापमानवाढीत तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी. म्हणून वळणावर पाणी अडू देऊ नका, प्रवाह सेकंदाला २० सेंमीच्या खाली नको.

आता वीज. उघड्या तळ्यात लिटरला अर्धा ग्रॅम शेवाळ मिळालं तरी चांगलं. १ किलोसाठी २,००० लिटर पाणी फिरवायचं. सेंट्रिफ्यूजला घनमीटरला १ युनिट धरलं तरी किलोमागे २ युनिट गेले. त्याच किलोतून पाव घनमीटर मिथेन मिळाला तर जनरेटरवर जेमतेम ०.९ युनिट वीज होते. पॅडलव्हील अजून मोजलंच नाही!

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ मध्ये हाच हिशेब देशपातळीवर मांडला. वाहतुकीच्या इंधनापैकी फक्त ५ टक्के शेवाळापासून काढायचं, तरी ६० लाख ते दीड कोटी टन नायट्रोजन लागेल, म्हणजे त्या देशाच्या एकूण वापराच्या ४४ ते १०७ टक्के.

माळरान_१३:
हे डोळे उघडणारं आहे. मग बोअर आणि युरिया सोडून गावाचं सांडपाणी घेतलं तर? आणि धुराचं काय?

ओढ्याकाठी:
सांडपाणी घेतलंत तर चित्र पालटतं. घरगुती सांडपाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रोजन असतो. तळ्यात पाण्याचा ६ दिवस मुक्काम धरला तर रोज ४ लाख लिटर घेता येतील, त्यात १६ किलो नायट्रोजन. १५० किलो शेवाळाला साडेदहा किलो पुरे. शिवाय शेवाळ स्वतःच्या वजनाच्या दीडपट ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे सांडपाणी शुद्ध करताना हवा फुंकायची वीज वाचते. खरी बचत तिथेच आहे, बायोगॅस त्यावरची वरकमाई. स्पेनमध्ये चिक्लाना इथे सांडपाण्यावरच्या शेवाळापासून मिथेन काढून गाड्या चालवल्या, तोही याच वाटेने.

फक्त क्लोरेलाचा हट्ट सोडा. सांडपाण्यात जे उगवेल ते मिश्रच असणार. गुठळ्या करून आपोआप खाली बसणारं शेवाळ हवं. बसलेल्या गाळाचा थोडा भाग रोज तळ्यात परत सोडत राहिलं तर तसेच प्रकार टिकतात, आणि सेंट्रिफ्यूज लागत नाही. पाणी एकाएकी हिरव्याचं तपकिरी झालं तर सूक्ष्मदर्शकाखाली रोटिफर (शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी) बघा. ते दोन-चार दिवसांत तळं फस्त करतात, आणि मग प्रक्रिया न झालेलं पाणी बाहेर जातं. म्हणून एका मोठ्या तळ्याऐवजी दोन लहान करा.

किलोवॅट_तास:
धुराबद्दल. गाळप चालतं साधारण नोव्हेंबर ते मार्च, तुमचं ऊन तापतं एप्रिल-मेमध्ये. बॉयलर रात्रीही पेटलेला, शेवाळ रात्री काही घेत नाही. २५ सेंमी पाण्यात बुडबुडा विरघळायच्या आधीच वर येतो, त्यासाठी दीड मीटर खोल खड्डा आणि बारीक छिद्रांचा डिफ्यूझर हवा. डिस्टिलरी असेल तर किण्वनातला वायू घ्या, तो जवळजवळ शुद्ध असतो. आणि शोषलेला कार्बन गॅस जाळला की परत हवेत जातो, तो ‘साठवला’ म्हणून हिशेबात धरू नका.

डायजेस्टरमध्ये नुसतं शेवाळ नको. त्यातलं कार्बन-नायट्रोजन प्रमाण ६ च्या आसपास, हवं २० ते ३०. अमोनिया वाढून जिवाणू मंदावतात. उसाचं पाचट बारीक करून मिसळा. टाकीची झाकणं आणि जोड महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने तपासा, कारण गळणारा मिथेन सगळी कमाई खातो. आणि स्लरी (डायजेस्टरमधून निघणारा पातळ गाळ) शेतात टाकण्याआधी कॅडमियम, शिसं तपासून घ्या. गावात प्लेटिंगचं किंवा बॅटरीचं काम चालत असेल तर ते पाणी आधीच वेगळं काढा, शेवाळ जड धातू धरून ठेवतं.