क्लबचा पुढचा सीझन कसा आखावा? रेसवाले एकीकडे, रविवारचे रायडर एकीकडे झालेत

यवतेश्वर_पहाटे

नमस्कार मंडळी. साताऱ्यातल्या एका छोट्या क्लबचं काम बघतो, काम म्हणजे ग्रुपवर राईड टाकायची, रूट ठरवायचा, कोण येतंय ते विचारायचं. गेल्या नोव्हेंबरात सीझन सुरू झाला तेव्हा पहाटे साडेपाचला पोवई नाक्यावर आम्ही २३ जण होतो. मार्च संपताना ८.

मधे काय झालं ते सांगतो. नोव्हेंबर-डिसेंबर मस्त गेला, कास, ठोसेघर, कोरेगाव-रहिमतपूर, लिंबच्या बारामोटेच्या विहिरीपर्यंत छोटी राईड, सगळं सगळ्यांनी केलं. डिसेंबरात ७ जणांनी २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) केली, ६ वेळेत आले. मग आमच्यातल्या चौघांनी जानेवारीत एक १०० किमीची रोड रेस धरली, मी पण त्यात, आणि तिथून रविवारची राईड म्हणजे आमची प्रॅक्टिसच झाली. कोण मागे राहिलं ते बघायचंच सुटलं.

फेब्रुवारीत वाईवरून पसरणी घाटाने पाचगणी होती. आमचे एक सर आहेत, पन्नाशी ओलांडलेले, शाळेत शिकवतात, निम्मा क्लब त्यांनी जमवलेला. घाटात त्यांची चेन तुटली. आम्ही वर पाचगणीत चहा घेत, फोटो काढत पाऊण तास बसलो आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही की सर नाहीत. शेवटी त्यांच्या घरून मला फोन आला. ते सायकल ढकलत खाली वाईत गेले होते आणि टेम्पोत टाकून घरी पोचले होते. चिडले नाहीत, काही बोलले पण नाहीत, फक्त त्यानंतर आले नाहीत. आणि त्यांच्या मागोमाग बाकीचे.

मी त्या दिवशी पुढच्या चौघांत होतो. ते डोक्यातून जात नाही.

मला रेस पण हवीये, पोरांमध्ये दम आहे, त्यांना अडवायचं नाही. आणि तो २३ जणांचा ग्रुप पण परत हवाय. ज्यांचे क्लब टिकलेत त्यांनी सांगा, कसं करता?

मागचं_चाक

पहिलं म्हणजे राईडच्या पोस्टमध्ये 'नो ड्रॉप', म्हणजे कुणालाही मागे सोडायचं नाही, असं लिहिता का? लिहीत असाल तर ते पाळायला एक माणूस लागतो, नुसतं लिहून होत नाही. आमच्याकडे नाशकात प्रत्येक राईडला एक शेवटचा माणूस ठरलेला असतो, त्याला आम्ही स्वीप म्हणतो, आणि नियम एवढाच की स्वीपच्या मागे कुणीही असायचं नाही. पंक्चर झालं, स्वीप थांबला. उलटी झाली, स्वीप थांबला. स्वीप हा दमलेला माणूस नको, ग्रुपमधला तगडा रायडर हवा, कारण त्याला मागे थांबून परत ग्रुप गाठायचा असतो. त्याच्याकडे चेन टूल, क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), दोन ट्यूब, पंप. तुमच्या सरांच्या चेनचं काम दहा मिनिटांचं होतं हो.

दुसरं, निघताना मोजा. मोठ्याने. थांबलात की परत मोजा. १९ निघाले तर १९ झाल्याशिवाय चहाची ऑर्डर जात नाही. शाळेच्या सहलीसारखं वाटेल पहिले दोन रविवार, मग सवय होते.

आणि घाटात एकत्र राहायचा प्रयत्न करू नका, तो जमत नाही. घाट ज्याने त्याने आपल्या दमाने चढायचा, जिथे माथा तिथे थांबायचं. ही जागा आदल्या दिवशी मेसेजमध्ये गेली पाहिजे.

अकरा_बत्तीस

वरच्यांनी घाटाचं बरोबर सांगितलं, फक्त का जमत नाही ते लिहितो कारण हे कळलं की रेसवाल्यांचा राग पण जातो आणि मागच्यांचा कमीपणा पण जातो.

सपाटीला तुमची बहुतेक ताकद हवेत जाते. ग्रुपमध्ये चाकाला चाक लावून बसलं की मागच्याला २०-३० टक्के कमी जोर लागतो, म्हणून रहिमतपूर रोडला सगळे एकत्र दिसतात. पण हवेचं गणित वाईट आहे, २५ च्या स्पीडचा ३० केला की हवा कापायला लागणारी ताकद जवळपास पावणेदोन पट होते. पुढच्याला वाटतं मी थोडंसंच वाढवलं, मागे एकाचं चाक सुटतं, मग तो एकटा हवेत, संपला. परत लागत नाही तो. म्हणून पुढे आल्यावर स्पीड वाढवायचा नसतो. पुढचा बाजूला होऊन हळू होतो, तुम्ही आहात त्याच स्पीडने पुढे जायचं. नव्या पोरांना हे कुणी सांगतच नाही, पुढे आलं की दाखवायचं असतं त्यांना.

घाटात स्पीड १०-१२ वर येतो, तिथे कुणाच्या मागे बसून फारसा फायदा नाही, तिथे वजन आणि दम. पसरणीत वाईपासून पाचगणीपर्यंत साधारण साडेपाचशे मीटर चढता तुम्ही, तिथे ६० किलोचा पोरगा आणि ८५ किलोचे सर एकत्र कसे राहतील? म्हणून फाटणं ठीक, विसरणं ठीक नाही.

अजून एक, गिअर बघा. बऱ्याच जणांच्या सायकलला मागे ११-२८ ची कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांचा संच, आकडे सगळ्यात लहान आणि मोठ्या चकतीच्या दातांचे, मोठी चकती म्हणजे हलका गिअर) असते आणि पुढे मोठ्या रिंगा, त्यावर घाट म्हणजे गुडघ्याची वाट. ११-३२ किंवा ११-३४ ची कॅसेट टाका (आधी डिरेलरला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाला, चालते का ते मेकॅनिकला विचारून), माणसं घाटाला घाबरायची थांबतात. आमच्या दोन मेंबरांची राईड नुसत्या कॅसेटने वाचली.

कृष्णाकाठची

मी सांगलीची. तुमच्या सरांच्या जागी मी होते म्हणून लिहितेय.

आमच्या आधीच्या ग्रुपमध्ये पोस्ट पडायची 'ईझी राईड, सगळ्यांनी या', आणि पहिल्या पाच किमीत ३२ चा स्पीड. डिसेंबरातली पहाट, अंधार, मी एकटी मागे, आणि उसाचा सीझन. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेला, आणि तो उभा आहे का चालतोय ते दहा फुटांवर येईपर्यंत कळत नाही. ग्रुपमध्ये असलं की पुढचा ओरडतो 'ट्रॉली!', एकटीला कोण ओरडणार? मी परत फिरले आणि वर्षभर सायकल काढली नाही.

आता आम्ही १४ बायकांनी आमच्या राईड सुरू केल्यात आणि पुरुष पण येतात. आम्ही फक्त एक गोष्ट वेगळी करतो, पोस्टमध्ये 'ईझी' हा शब्द लिहीतच नाही. लिहितो: ४५ किमी, सपाटीला २० ते २२, दोन थांबे, दुसऱ्या थांब्याला स्वच्छ बाथरूम आहे, पावणेनऊला घरी. एवढं वाचून माणूस स्वतः ठरवतो. ज्याला ३० ने जायचंय तो त्या दिवशी येत नाही किंवा आला तर २२ ने चालतो. बाथरूमचं हसण्यावारी नेऊ नका, त्या एका ओळीने आमच्या निम्म्या बायका आल्या.

दादा, सरांकडे गेलात का तुम्ही नंतर? फोन नाही, घरी?

जुनी_स्टील_फ्रेम

मी ऐंशीच्या दशकात दोनदा मुंबई-पुणे रेस केलीय, जिंकलो नाही, बोरघाटातच सुटलो दोन्ही वेळा, पण 'घाटाचा राजा' कोण होतो ते बघायला खोपोलीपासून वर रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसं मला अजून आठवतात. तेव्हा रेसची तयारी आणि रविवार वेगळेच असायचे. आठवड्यात दोन दिवस मास्तर आम्हाला पिळून काढायचे. रविवारी तोच मास्तर सगळ्यात मागे, गप्पा मारत.

तेच करा. बुधवारी किंवा गुरुवारी पहाटे तासाभराची कडक राईड फक्त रेसवाल्यांसाठी, समर्थ मंदिर ते यवतेश्वर दोन-तीनदा चढा, हवं तेवढं भांडा. महिन्यातून एकदा क्लबची टाईम ट्रायल ठेवा, एक-एक मिनिटाने सोडायचं, त्यात पहिला आणि शेवटचा दोघांनाही आपला आपला आकडा मिळतो आणि पुढच्या महिन्यात त्याच आकड्याशी लढता येतं. रविवार मात्र सगळ्यांचा. रेसवाल्यांना रविवारी हळू चालणं जड जातं पण शरीराला ते लागतंच, रोज जोर काढून कुणी फास्ट होत नाही.

आणि बीआरएमला रेस करू नका कृपया. तिथे नंबर नसतो. २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०, या वेळेत जो आला तो आला. क्लबमधल्या हळू पण चिवट माणसासाठी याहून चांगलं काही नाही. आमच्याकडे रेसमध्ये कायम शेवटी येणारा एकजण सुपर रँडोनर झाला, म्हणजे चारही अंतरं एकाच सीझनमध्ये, आणि रेसवाल्यांपैकी एकही ४०० च्या पुढे गेलेला नाही. सीझन १ नोव्हेंबरला सुरू होतो, पावसाळ्यात बसून आताच तारखा लावा.

यवतेश्वर_पहाटे

सगळ्यांचे मनापासून आभार. कृष्णाकाठची ताई, तुमचं वाचून त्याच संध्याकाळी सरांकडे गेलो. गेलो नव्हतो आधी, खरं सांगतो. माफी मागितली. काकूंनी आधी चांगलं सुनावलं, बरोबरच होतं त्यांचं. सर म्हणाले चेन तुटली त्याचं काही नाही, वर सगळ्यांचे फोटो ग्रुपवर पडत होते आणि मी ते खाली एसटी स्टँडवर बसून बघत होतो, ते लागलं. मला काय बोलावं सुचलं नाही.

मग सीझनचं बोललो. असं ठरतंय: गुरुवार यवतेश्वर फक्त रेसवाल्यांचा. पहिल्या रविवारी क्लबची टाईम ट्रायल, बाकीचे रविवार स्पीड आणि वेळ लिहून, निघताना मोजून. स्वीप दर रविवारी आम्हा चौघांपैकी एक, पहिले दोन महिने मीच. नोव्हेंबर-डिसेंबरात २०० ला जेवढे तयार तेवढे, ३०० जानेवारीत. कास सप्टेंबर-ऑक्टोबरात नको, फुलांच्या गर्दीत गाड्याच गाड्या असतात. सरांना ३०० करायचीय म्हणाले, मला हे माहीतच नव्हतं. कॅसेट ११-३२ ची बघायला उद्या त्यांची सायकल घेऊन दुकानात जातोय.

ताई एकच विचारायचंय, ऊस सुरू झाला की अंधारातली राईड बंदच करता का उशिरा निघता? आमच्याकडे रहिमतपूर रोडला तीच परिस्थिती असते.

कृष्णाकाठची

गेलात ते फार बरं केलंत.

बंद नाही करत, उजाडल्यावर निघतो, डिसेंबर-जानेवारीत सव्वासात. उन्हाचा त्रास नसतो तेव्हा, त्यामुळे उशीर चालतो. कारखान्याच्या फाट्याच्या आसपासचे दोन-तीन किमी एका रांगेत, जोडीने नाही. मागचा लाईट दिवसा पण चालू. आणि रस्त्यावर पाला, चिपाडं पडलेली असतात, दव पडलं की त्यावर चाक घसरतं, वळणावर ब्रेक आधीच मारून ठेवायचा. बीआरएमच्या रात्रीसाठी रिफ्लेक्टिव्ह जॅकेट तर लागतंच, तेच घालून यायला सांगा सगळ्यांना रविवारी पण.

सर ३०० ला कुठून उतरणार ते कळवा, सांगलीकडून रूट गेला तर आम्ही कंट्रोलवर (बीआरएमच्या वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावर) गरम भात-आमटी घेऊन थांबू.