रक्तातला 'दाह' की 'सूज'?

चाफेकळी: एका आरोग्यपुस्तिकेचं भाषांतर करतेय आणि 'इन्फ्लमेटरी मार्कर'वर अडलेय, म्हणजे इजेला किंवा संसर्गाला शरीर जो प्रतिसाद देतं (इन्फ्लमेशन) त्याचा पत्ता देणारा रक्तातला घटक. मजकूर 2024 साली आलेल्या अमेरिकी अभ्यासाबद्दल आहे. 27,939 निरोगी स्त्रियांचं रक्त 1990 च्या दशकात एकदाच तपासलं, मग 30 वर्षं त्यांची खबर ठेवली. ज्यांचं एचएस-सीआरपी (असाच एक मार्कर: सीआरपी हे रक्तातलं प्रथिन, बारीक चाचणीने मोजलेलं) सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात होतं, त्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरेंचा धोका तळच्या हिश्श्यापेक्षा 70 टक्क्यांनी जास्त निघाला. मी 'दाहदर्शक' लिहिलं, संपादकांनी 'सूजकारक घटक' केलं. आईला दोन्ही वाचून दाखवलं. 'दाह' ऐकून म्हणाली, "मग ताक प्यायचं का?" 'सूज' म्हटल्यावर घोटे दाबून बघायला लागली. काय लिहू?

खडूस: शोथ. संधिशोथ, यकृतशोथ हे शब्द रुळलेले आहेत.

बाराबंदी: कुठल्या दवाखान्यात रुळलेत हो? वडिलांच्या गुडघ्याला आजवर सगळे 'वात'च म्हणाले. शिवाय शोथ आणि सूज दोन्ही 'श्वि' म्हणजे फुगणे या एकाच धातूतले. सूज पुढच्या दाराने हाकललीत, ती मागच्या दाराने सोवळं नेसून आली.

खडूस: सोवळं तर सोवळं. छापील मजकुराला शिस्त लागते.

नळीवाली: मी लॅबमध्ये आहे. दाह-शोथ काहीही करा, पण ते 'कारक' आधी खोडा! सीआरपी यकृतात तयार होतं, शरीरात कुठे आग लागली की वाढतं. तो धूर आहे, काडी नव्हे. जनुकांवरून केलेल्या अभ्यासांतही ते स्वतः हृदयविकार घडवतं असं दिसलं नाही. आणि आकडे देणार असाल तर एकक लिहा: लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत कमी धोका, 1 ते 3 मधला, 3 च्या वर जास्त. 10 च्या वर गेलं तर हृदयाचा विषय बाजूला ठेवायचा, आधी ताप, खोकला, दात बघायचे आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. मागे एक काका रिपोर्टवरचा 12 बघून नवस बोलून आले. दाढ किडली होती.

चाफेकळी: धूर! हे संपादकांना कळवते. पण ताई, शब्द?

मावळा: आमच्या भोरकडे भाताच्या तुसाचा ढीग पेटवला की वर नुसती राख दिसते, आत चार-चार दिवस धग असते. पाय पडला की कळतं. रक्तातलं हे तसंच ना, ना दुखत ना सुजत? 'धुमस' म्हणा.

खडूस: उत्तम. उद्या कोलेस्टेरॉलला 'ओशट' म्हणू.

नळीवाली: मला धुमस आवडलं. पेशंटला एका वाक्यात पटेल.

बाराबंदी: मावळेराव, ढीग तुसाचा की कोंड्याचा? आमच्याकडे दोन्हीला कोंडाच म्हणतात.

मावळा: छे! कोंडा जनावरांना घालतात. तूस खाल्लं तर घशात टोचेल.

खडूस: तुष हे मूळ रूप. 'तूस' अपभ्रंश.

बाराबंदी: मग भोरच्या शेतात जाऊन 'तुष' मागा, बघू काय हातात पडतं.

चाफेकळी: अहो, आणि मार्करला काय? खूण? दर्शक?

मावळा: तुसाच्या राखेने भांडी मात्र लख्ख निघतात हां.