पार्ट लोडच्या कोटेशनमध्ये सीएफटी, टू पे, ओनर्स रिस्क: काय मान्य करावे?

अंबड_युनिट:
नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून इंदूरला प्लास्टिकच्या डब्यांची 40 खोकी पार्ट लोडने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीत, पाठवायची आहेत. खोक्याचे माप 24×18×18 इंच, वजन 12 किलो, म्हणजे एकूण 480 किलो. ट्रान्सपोर्टवाला किलोला 9 रुपये म्हणतो, पण भाडे 1440 किलोवर लावतोय. कोटेशनवर 8 सीएफटी, टू पे, गोडाऊन डिलिव्हरी, ओनर्स रिस्क एवढेच लिहिलेय. यातले काय बदलून घ्यावे?

हुंडेकरी_नाशिक:
1440 चा हिशेब बरोबर आहे. 24×18×18 भागिले 1728 (एका घनफुटातले घनइंच) म्हणजे खोक्यामागे 4.5 घनफूट, 40 खोक्यांचे 180. '8 सीएफटी' म्हणजे घनफुटाला 8 किलो धरणार. हलका माल गाडीत जागा अडवतो, म्हणून प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांत जे जास्त त्यावर भाडे. घासाघीस दरावर करण्यापेक्षा या 8 वर करा. 6 ला तयार झाला तर 1080 किलो होतात, भाडे 12,960 वरून 9,720 वर येते.

खोकी दाबून भरू नका. गोडाऊनमध्ये टेप फुगलेल्या भागावरून धरतात. लांबी-रुंदी एकेक इंच वाढली तरी 25×19×18 ने वजन जवळपास 1583 किलो निघते. मापे बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माल घेतल्याच्या पावतीवर, लिहून घ्या, म्हणजे इंदूरला नव्याने मोजून वाद होणार नाही. उंची 18 ऐवजी 15 इंच चालत असेल तर घनफुटाला 8 किलो धरूनही 1200 किलोच होतात.

डिस्पॅच_चाकण:
ओनर्स रिस्कवर, म्हणजे वाटेतल्या नुकसानीची जोखीम मालाच्या मालकावर टाकणाऱ्या अटीवर, आधी बोला. कॅरेज बाय रोड कायदा 2007 नुसार बिल्टीवर मालाची जास्त किंमत जाहीर केलेली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. तुमच्या बाबतीत ती 1,29,600 रुपये. इन्व्हॉइस त्याहून मोठे असेल तर किंमत जाहीर करा. त्याचे जादा पैसे लागतील. ट्रान्झिट विमा वेगळा काढायचा. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांत गेलीच पाहिजे.

गिऱ्हाइकाला आजच सांगून ठेवा: माल बघितल्याशिवाय पोचपावतीवर सही नको. 'दोन खोकी ओली, एक फुटलेले' असा शेरा आधी, सही नंतर. कोऱ्या सहीची पोच आली की दावा लढवणे फार अवघड जाते.

टू पे म्हणजे भाडे गिऱ्हाईक देणार. त्याने नाकारले तर माल गोडाऊनमध्ये अडकतो आणि डेमरेज (माल पडून राहिल्याचा आकार) चढते. नवे गिऱ्हाईक असेल तर पेड करा, म्हणजे भाडे तुम्हीच भरा. आणि गोडाऊन डिलिव्हरीत माल दारापर्यंत येत नाही, तिथला टेम्पो आणि हमाली कोणाची ते ठरवून घ्या.

हुंडेकरी_नाशिक:
ई-वे बिलाचे, म्हणजे माल वाहतुकीसाठीच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचे, राहिले. माल 50,000 रुपयांच्या वर असेल तर पार्ट ए (मालाचा तपशील) तुम्ही भरा, ट्रान्सपोर्टचा आयडी टाका. त्यांचे गोडाऊन राज्यातच 50 किलोमीटरच्या आत असेल तर तिथवर गाडी नंबर लागत नाही. बिलाची मुदत पार्ट बी (गाडीचा तपशील) पहिल्यांदा भरल्यापासून सुरू होते, 200 किलोमीटरला एक दिवस. इंदूर 400 च्या वर, म्हणजे तीन दिवस. पार्ट लोडचा माल वाटेत गाडी बदलतो, तेव्हा नवा नंबर पार्ट बीमध्ये चढलाच पाहिजे. मुदत वाढवायची तर ती संपायच्या आधीचे 8 आणि नंतरचे 8 तास एवढीच सवड मिळते.