स्वतः बांधलेल्या विमानातल्या फोक्सवॅगन इंजिनात ऑइल कुठलं टाकायचं?

लाकडीस्पार:
नमस्कार मंडळी. विमानाचं काम आता इंजिनापर्यंत आलंय. फोक्सवॅगन टाइप १ वर केलेलं २१८० सीसीचं कन्व्हर्जन आहे, एअर-कूल्ड, प्रॉपेलर थेट क्रँकवर, मधे गिअरबॉक्स नाही. कॅम आणि लिफ्टर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) नवे आहेत, जुन्या पद्धतीचे फ्लॅट टॅपेट. इंधन बहुतेक वेळा साधं बिनशिशाचं पेट्रोल असेल पण बाहेर लांब गेलो की १००एलएल (विमानाचं शिसेवालं पेट्रोल) भरावं लागणार हे धरून चाललोय.
प्रश्न ऑइलचा. ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. एक म्हणतो विमान आहे तर विमानाचंच ऑइल, दुसरा म्हणतो डिझेल गाडीचं १५डब्ल्यू-४० (ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड) टाक आणि विसरून जा, तिसरा म्हणतो फुल सिंथेटिक सोडून काही टाकूच नको. तिघेही वर्षानुवर्षं उडवतायत त्यामुळे कुणाला चूक म्हणायचं तेच कळत नाही. नुसतं ब्रँडचं नाव नकोय, कशावरून ठरवायचं ते कुणी नीट समजावलं तर फार बरं होईल.

पुशरॉड:
चांगलं केलंत की इंधन कुठलं ते आधीच सांगितलंत, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे आणि लोक नेमकं तेच विचारत नाहीत.

आधी विमानाचं ऑइल वेगळं का असतं ते बघा. लायकमिंग, कॉन्टिनेंटलसारखी इंजिनं एअर-कूल्ड, सिलिंडर मोठे, क्लिअरन्स मोठे, त्यामुळे थोडंफार ऑइल जळणार हे गृहीतच असतं. गाडीच्या ऑइलमधे कॅल्शियम, मॅग्नेशियमचे डिटर्जंट आणि झिंक असतं, ते जळलं की राख उरते, ती राख पिस्टनवर आणि चेंबरमधे साचून लाल होते आणि स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटवते. म्हणून विमानाचं ऑइल अॅशलेस, म्हणजे जळून राख न उरणारं. त्यात घाण तरंगत ठेवणारा डिस्पर्संट असतो पण धातूवाले डिटर्जंट नसतात. हा सगळा विचार त्या इंजिनांसाठी झालाय, "उडणारं ते सगळं" यासाठी नाही.

तुमचं फोक्सवॅगन मधेच कुठेतरी बसतं. एअर-कूल्ड आहे म्हणजे वॉटर-कूल्ड इंजिनापेक्षा क्लिअरन्स जास्त, पण ऑइल पिणारं इंजिन नाही (पीत असेल तर ऑइल बदलून काही होणार नाही, रिंग आणि व्हॉल्व्ह गाइड बघा). त्यामुळे राखेची भीती तुम्हाला कमी आहे. उलट फ्लॅट टॅपेटला झिंक-फॉस्फरसचं अॅडिटिव्ह, झेडडीडीपी म्हणतात ते, हवंच हवं, आणि ते विमानाच्या ऑइलमधे नसतं.

आता शिसं. १००एलएलमधे एका लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं, आणि त्यातलं काही रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमधे उतरतंच. मिनरल बेसचं ऑइल ते धरून ठेवतं आणि ऑइल काढलं की त्याच्याबरोबर बाहेर जातं. फुल सिंथेटिकला हे जमत नाही, शिसं करड्या चिकट गाळासारखं खाली बसतं. मोबिलने एव्ही-१ नावाचं फुल सिंथेटिक विमानासाठी काढलं होतं, याच कारणाने १९९० च्या दशकात ते बाजारातून गेलं. म्हणून १००एलएल नेहमीचं असेल तर फुल सिंथेटिक नको. कायम बिनशिशाचंच पेट्रोल असेल तर सिंथेटिकला काही हरकत नाही, उष्णता छानच सोसतं. तुमचं दोन्ही मिळून आहे, तेव्हा मिनरल किंवा फार तर सेमी-सिंथेटिक. तुमच्या तिसऱ्या मित्राला विचारा तो कुठलं इंधन भरतो, बहुधा तिथेच उलगडा होईल.

थंडहवा:
पुशरॉड दादांशी सहमत, झेडडीडीपीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण नवे कॅम तिथेच जातात.

गाडीच्या पेट्रोल ऑइलमधला फॉस्फरस कमी करत नेला तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून. २००४ मधे आयएलसॅक जीएफ-४ हे पेट्रोल गाडीच्या ऑइलचं मानक आलं तेव्हापासून ५डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० या पातळ ग्रेडमधे मर्यादा ०.०८ टक्के म्हणजे ८०० पीपीएम. रोलर असलेल्या कॅमला तेवढं पुरतं. फ्लॅट टॅपेटमधे लिफ्टरचा सपाट तळ कॅमच्या लोबवर घासत जातो, सगळा दाब एका बारीक रेषेवर, तिथे हे अॅडिटिव्ह पातळ थर धरून धातू वाचवतं. ही मर्यादा ४० आणि ५० ग्रेडला लागू नाही पण म्हणून प्रत्येक २०डब्ल्यू-५० मधे जास्त असेलच असं नाही, त्या ऑइलची टेक्निकल शीट उघडून फॉस्फरसचा आकडा बघायचा, १००० ते १२०० च्या आसपास असला की झालं.

डिझेलच्या १५डब्ल्यू-४० चं नाव लोक घेतात ते याचसाठी. सीजे-४ आणि त्यानंतरच्या सीके-४ या डिझेल ऑइलच्या दर्जांमधे फॉस्फरसला ०.१२ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, आणि काजळी धरून ठेवायची सवय असल्याने डिस्पर्संटही भरपूर. डब्यावर एफए-४ लिहिलेलं मात्र घेऊ नका, तेही डिझेलचंच पण मुद्दाम पातळ केलेलं असतं, तुमच्या कामाचं नाही.

वरून झिंकची बाटली ओतायचा मोह होतो, नका ओतू. ऑइलमधली अॅडिटिव्हं एकमेकांना सांभाळून बनवलेली असतात, एक वाढवलं की दुसरं मागे पडतं. योग्य ऑइल घेतलं की बाटली लागत नाही.

आणि पहिल्या स्टार्टला लोबवर मॉलीची पेस्ट लावून, ब्रेक-इन ऑइल (नवे भाग एकमेकांत बसेपर्यंतचं) भरून, आयडलवर न रेंगाळता २००० आरपीएमच्या आसपास वीसेक मिनिटं चालवायचं ही कॅमची नेहमीची पद्धत. पण विमानात जमिनीवर उभं राहून तेवढा वेळ हेड थंड राहणं अवघड. हेडचं टेम्परेचर बघत राहा, चढायला लागलं की सरळ बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, मग उरलेली मिनिटं. घाईत हेड वाकडं करून घेण्यापेक्षा दोन-तीन तुकड्यात केलेलं परवडतं.

लाकडीस्पार:
खूप खूप धन्यवाद दोघांचे, आता चित्र दिसायला लागलं. म्हणजे १५डब्ल्यू-४० की २०डब्ल्यू-५० एवढंच राहिलं ना? आणि एकाने विमानाचं १०० नंबरचं ऑइल सुचवलंय, १०० म्हणजे फारच जाड नाही का होणार?

पुशरॉड:
ते १०० वेगळ्या मोजमापातलं आहे. विमानाच्या ऑइलचं १०० म्हणजे गाडीच्या हिशोबाने एसएई ५०, आणि ८० म्हणजे एसएई ४०. बऱ्याच नव्या लोकांची इथे गफलत होते.

ग्रेडबद्दल: गाडी हायवेवर चालते तेव्हा इंजिन ताकदीच्या थोड्याच भागात काम करत असतं. तेच इंजिन विमानात तास-दोन तास ६५ ते ७५ टक्क्यांवर सलग ओढतं. त्यात फोक्सवॅगनमधे मूळ ऑइल जेमतेम अडीच लिटर, आणि इंजिनाची बरीच उष्णता ऑइलच बाहेर नेतं. वर केस मॅग्नेशियमची, तापली की क्रँकपेक्षा जास्त पसरते आणि बेअरिंगची क्लिअरन्स उघडते, म्हणून गरम झाल्यावर प्रेशर पडताना दिसतं. अशा ठिकाणी ५डब्ल्यू-३० टिकणार नाही. १५० डिग्रीला घट्टपणा मोजतात, एचटीएचएस म्हणतात, त्यात ३० ग्रेडला किमान २.९ लागतो आणि १५डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-५०, २०डब्ल्यू-५० या सगळ्यांना किमान ३.७. म्हणजे १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० यात फार घोळ घालू नका. हवा गार असेल तर पहिलं, उन्हाळी गरम असेल तर दुसरं. प्रेशर वाढवायला उगाच जाड ऑइल नको, गार असताना ते बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं आणि फिल्टरचा बायपास उघडून न गाळलेलंच फिरतं.

गिअरबॉक्सवाला:
हा धागा वाचून सुबारूवाले सरळ हेच ऑइल उचलतील म्हणून लिहितोय. माझं इंजिन सुबारूचं ईजे२२ आहे, वॉटर-कूल्ड, प्रॉपेलरला रिडक्शन ड्राइव्ह (फिरण्याचा वेग कमी करणारा गिअरबॉक्स). आमच्याकडे पहिला प्रश्न ड्राइव्हचं ऑइल वेगळं की इंजिनाचंच. वेगळं असेल तर ड्राइव्ह बनवणारा सांगेल तेच, मनाने गिअर ऑइल टाकू नका, आत पितळ-ब्राँझचे भाग असतील तर काही गिअर ऑइलमधलं गंधक ते खातं. ऑइल एकच असेल तर गिअरचे दात मल्टिग्रेडमधले पॉलिमर चिरडतात आणि ५० चं ऑइल बघता बघता ४० सारखं वागायला लागतं, त्यामुळे बदलायची मुदत कमी ठेवा.

रोटॅक्स ९१२ गाडीचं इंजिन नाही पण तिथून शिकण्यासारखं आहे. गिअरबॉक्स आणि इंजिनाचं ऑइल एकच, शिवाय आत ओव्हरलोड क्लच, म्हणून कंपनी नेहमीचं विमानाचं ऑइल नको म्हणते, गिअर अॅडिटिव्ह असलेलं आणि फ्रिक्शन मॉडिफायर नसलेलं मोटरसायकलच्या धर्तीचं ऑइल हवं म्हणते. विमानाचं इंजिन आणि विमानाच्याच ऑइलला मनाई! तेव्हा डब्यावर विमानाचं चित्र आहे की गाडीचं हे बघून काही ठरत नाही.

जुनापायलट:
मी थोडा वेगळा बोलतो. माझ्या ओळखीतली फोक्सवॅगनवाली मंडळी विमानाचं १५डब्ल्यू-५० वापरून आनंदात उडतायत. त्यात झिंक नसलं तरी अॅशलेस प्रकारचं अँटी-वेअर आहे, सेमी-सिंथेटिक आहे, शिसं सांभाळतं. म्हणजे १००एलएल जास्त असेल तर तेही वाईट नाही. साधं १०० मात्र नव्या फ्लॅट टॅपेट कॅमवर मीही टाकणार नाही. काहीही घ्या पण एकच धरून राहा, विमानाचं आणि गाडीचं मिसळू नका.

पण खरं सांगू, ऑइलच्या नावावर जेवढा वेळ जातो त्याच्या निम्मा टेम्परेचरवर द्या. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, बहुतेक एक्झॉस्टमधून जातं पण थोडी वाफ क्रँककेसमधे येतेच. ऑइल ८२ ते १०४ डिग्रीत राहिलं की ते पाणी ब्रीदरमधून उडून जातं. ६० वरच राहिलं तर तिथेच बसतं, आम्ल तयार होतं, आणि ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पिवळसर फेसाळ थर धरतो. तो थर दिसला तर आधी कूलर झाका, ऑइल नंतर बदला. आणि उड्डाण होणार नसेल तेव्हा नुसतं दहा मिनिटं जमिनीवर चालवून ठेवू नका, त्याने पाणी वाढतंच, जात नाही.

मुदत: १००एलएल चालू असेल तर २५ तास, किलोमीटरचा हिशोब इथे नाही. फुल-फ्लो फिल्टर बसवला नसेल तर आधी तो बसवा, मूळ फोक्सवॅगनमधे फक्त जाळी असते. दर वेळी फिल्टर कापून आतला कागद पूर्ण उलगडा, पांढऱ्या फडक्यावर निथळू द्या आणि उन्हात तिरका धरून बघा. मॅग्नेटला चिकटतं ते लोखंड, म्हणजे कॅम-लिफ्टर किंवा रिंग. न चिकटणारं चमकदार असेल तर अॅल्युमिनियम किंवा बेअरिंगचा थर. लॅबमधे ऑइल तपासून घेणार असाल तर इंधन कुठलं ते लिहून द्या, कारण १००एलएलचं शिसं इतकं असतं की बेअरिंगमधून आलेलं शिसं त्यात दिसतच नाही, तिथे तांबं आणि लोखंडच बघावं लागतं.

लाकडीस्पार:
ठरलं मग. ब्रेक-इन ऑइलनंतर सीके-४ चं मिनरल १५डब्ल्यू-४०, शीटवर फॉस्फरस बघून, आणि २५ तासांना बदल. फिल्टर अडॅप्टर आणलेला आहे, बसवतो. ऑइल टेम्परेचरचा सेन्सर कुठे लावू?

जुनापायलट:
कूलरमधून बाहेर येऊन बेअरिंगकडे जाणाऱ्या लाइनवर तुमच्या जुळणीत जागा असेल तर तिथे, कारण बेअरिंगला काय मिळतंय ते महत्त्वाचं. संपमधे लावलात तर आकडा जास्तच दिसेल, तोही चालतो, फक्त लॉगबुकमधे सेन्सर कुठे आहे ते लिहून ठेवा म्हणजे दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करताना गोंधळ होणार नाही.